मोबाईलवर शेत मोजलं की दर वेळी वेगळं क्षेत्र का येतं? (81 आर, यवतमाळ जिल्हा)

धुऱ्यावरून यांचा प्रश्न:

दारव्हा आणि यवतमाळच्या मधल्या गावात शेत आहे. सातबारावर क्षेत्र 0.81.00, म्हणजे 81 गुंठे. तुकडा चौकोनी, साधारण 90 बाय 90 मीटर. पूर्वेच्या धुऱ्यावर (बांधावर) कडुलिंबाची तीन मोठी झाडं, दक्षिणेला पांदण. पेरणीआधी तारेचं कुंपण घालायचंय.

क्षेत्र मोजायच्या ॲपमध्ये धुऱ्याने चालत तीनदा फेरी मारली. आकडे आले 1.94 एकर, 2.11 एकर आणि 2.03 एकर. फोन दोन वर्षांपूर्वीचा, साधा. दुसरी अडचण अशी की गटाची आकृती उपग्रहचित्रावर ठेवली की पश्चिमेची हद्द सात-आठ मीटर सरकून शेजाऱ्याच्या कपाशीत जाते. यातलं खरं काय मानायचं? भाड्याने डीजीपीएसवाला (उपग्रहावरून सेंटिमीटरपर्यंत मोजणारं यंत्र आणणारा मोजणीवाला) बोलावला तर हे मिटेल का, आणि त्याच्याकडून नेमकं काय मागायचं?

---

शंकूसाखळी

आधी एकक दुरुस्त करा. सातबारावर 0.81.00 म्हणजे 81 आर, 81 गुंठे नव्हे. आर म्हणजे 100 चौ.मी. गुंठा म्हणजे 33 फुटी साखळीचा चौरस, 1089 चौ.फूट, म्हणजे 101.17 चौ.मी. फरक शेकडा सव्वाचाही नाही, पण तुमच्या शेतावर तो जवळपास एक आर होतो. 81 आर = 8100 चौ.मी.; 81 गुंठे धरले तर 8195. दोन एकर होतात 8094 चौ.मी., म्हणजे तुमचं शेत दोन एकराला सहा चौ.मी. जास्त आहे. ॲपचे आकडे याच्याशी ताडून पाहायचे.

आता ॲप. उघड्या आभाळाखाली चांगला फोन तीन ते पाच मीटरपर्यंत जागा सांगतो. चौकोनी शेताच्या चारही कोपऱ्यांवर प्रत्येकी 3 मीटरची स्वतंत्र चूक धरली तर क्षेत्रातली चूक साधारण बाजू × चूक × 1.4 इतकी येते: 90 × 3 × 1.4, म्हणजे 380 चौ.मी.च्या आसपास. पावणेचार आर. तुमचे तिन्ही आकडे 8100च्या आजूबाजूला साधारण तेवढ्याच पट्ट्यात पडलेत (7851, 8215, 8539). फोन बिघडलेला नाही, त्याची कुवतच तेवढी आहे. हेच गणित दहा गुंठ्यांच्या प्लॉटला लावलं तर चूक तेरा टक्क्यांवर जाते. म्हणून प्लॉटचं क्षेत्र फोनवर मोजून भांडू नये.

चालत फिरण्याऐवजी कोपऱ्यावर थांबून बिंदू घ्या. चालताना ॲप दर सेकंदाला एक बिंदू टाकतं, त्यात फोन आपल्या मनाने रेषा गुळगुळीत करतो आणि कोपरे खातो. प्रत्येक कोपऱ्यावर फोन खांबाच्या डोक्यावर आडवा ठेवा, अंगाची सावली त्यावर पडू देऊ नका, दीड-दोन मिनिटांची सरासरी घ्या. बॅटरी बचत बंद ठेवा, नाहीतर फोन उपग्रहांचा संकेत सलग ऐकत नाही, मधेमधे झोपतो. शेवटी पहिल्या कोपऱ्यावर परत या आणि तोच बिंदू पुन्हा घ्या. पहिला आणि शेवटचा यांत चार मीटरचं अंतर पडलं, तर बाकीच्या कोपऱ्यांवर तितकाच भरवसा ठेवायचा.

खरं सांगायचं तर दोन एकराच्या चौकोनी तुकड्याला फोनपेक्षा 30 मीटरचा स्टीलचा टेप बरा. चारही बाजू आणि एक कर्ण मोजा, दोन त्रिकोण करा, तीन बाजूंच्या सूत्राने क्षेत्र काढा. टेप आडवा धरायचा, उतारावर टप्पे पाडून ओळंब्याने बिंदू खाली उतरवायचा, कारण दप्तरातलं क्षेत्र सपाट पातळीवरचं असतं. नीट ताणलेल्या टेपने दहा-वीस चौ.मी.च्या आत उत्तर येतं. कर्ण विसरू नका. नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्र ठरत नाही, चौकोन तिरका झाला की ते कमी होतं.

---

फिक्स_की_फ्लोट

टेपचा सल्ला मान्य. फक्त वरच्या हिशेबाला एक पुरवणी: फोनची सगळीच चूक स्वतंत्र नसते. वातावरण आणि उपग्रहाची कक्षा यांतून येणारी चूक पंधरा-वीस मिनिटं जवळपास तीच राहते, त्यामुळे अख्खी आकृती एका बाजूला सरकते आणि क्षेत्र फारसं बिघडत नाही. क्षेत्र बिघडवते ती प्रत्येक कोपऱ्यावर बदलणारी चूक, आणि तिचं मोठं कारण तुमची कडुलिंबं आहेत. पानांतून आणि खोडावरून परतून आलेला संकेत लांबचा रस्ता घेतो, यंत्राला वाटतं उपग्रहच लांब आहे. पत्र्याचं गोठाघर शेजारी असेल तर तेही तसंच.

फोन मीटरवर अडतो आणि भाड्याचं यंत्र सेंटिमीटरवर जातं, ते का हे कळलं की त्या माणसाकडून काय मागायचं ते आपोआप कळतं. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवर. संकेत निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा वेळ गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे अंतर. घड्याळात एक अब्जांश सेकंद चुकला की 30 सेंमी गेले. यंत्राचं स्वतःचं घड्याळ स्वस्त असतं, म्हणून जागेच्या तीन अज्ञातांत वेळ हा चौथा येतो आणि किमान चार उपग्रह लागतात. साध्या जीपीएस संकेतातल्या सांकेतिक पट्टीचा एक तुकडा 293 मीटर लांबीचा आहे. त्याचा शंभरावा भाग वाचला तरी तीन मीटर. ज्या लहरीवर हा संकेत बसून येतो तिची लांबी मात्र 19 सेंमी. तिचा शंभरावा भाग म्हणजे दोन मिलीमीटर. पेच एवढाच की यंत्र लहरीचा अपुरा तुकडा मोजतं. मधल्या पूर्ण लहरी किती, हे त्याला माहीत नसतं. तो पूर्णांक पक्का सुटला की पडद्यावर 'फिक्स' येतं. अंदाजावर असेल तर 'फ्लोट', आणि मग चूक काही डेसिमीटर. 'सिंगल' आलं तर तुमच्या हातात महागडा फोन आहे असं समजा.

हा पूर्णांक सोडवायला दुसरं यंत्र लागतं, ज्याची जागा आधीच माहीत आहे. ते यंत्र कॉर्सचं (कायम चालू असलेल्या संदर्भस्थानकांच्या जाळ्याचं) स्थानक असू शकतं, किंवा मोजणीवाल्याने स्वतः तिकाटण्यावर उभं केलेलं बेस. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स जाळं वापरायचं तर रोव्हरच्या (कोपऱ्याकोपऱ्यावर फिरवायच्या यंत्राच्या) हातयंत्रात इंटरनेट चालू हवं, त्या पोर्टलचं खातं हवं, आणि रोव्हरने स्वतःची ढोबळ जागा परत पाठवण्याची जीजीएची खूण लावलेली हवी. ती न लावता बसलं की जोडणी झालेली दिसते पण दुरुस्ती येतच नाही, आणि माणूस अर्धा तास सिमकार्डाला शिव्या देत बसतो.

स्वतःचं बेस असेल तर एक प्रश्न नक्की विचारा: बेसचे निर्देशांक कुठून आणले? बेस उभं करून 'इथेच' असं बटण दाबलं की ते फोनसारखंच ढोबळ स्थान घेतं. मग रोव्हर फिक्स दाखवतो, अंतरं सेंटिमीटरला जुळतात, क्षेत्र बरोबर येतं, आणि अख्खं शेत दोन-चार मीटर भलतीकडे बसतं. पडद्यावर काहीही लाल होत नाही. कुंपणाला ते चालेल, नकाशावर टाकायला नाही. उपाय असा की बेसवर दोन तासांहून जास्त, जमलं तर सहा तास नोंदी घ्यायच्या आणि त्या नंतर कॉर्सच्या नोंदींशी सोडवायच्या.

मोजताना हे डोळ्याने पाहा. काठीची उंची यंत्रात जी लिहिली तीच काठीवर आहे का (2.00 मीटर लिहून 1.80 वर काठी ठेवणं ही रोजची चूक, ती उंचीत जाते, क्षेत्रात नाही). बुडबुडा मध्ये आहे का: दोन मीटरच्या काठीला एक अंश कल म्हणजे टोकाला साडेतीन सेंमी. दुरुस्तीचं वय (बेस किंवा कॉर्सकडून आलेली दुरुस्ती किती जुनी ते) एक-दोन सेकंदांच्या वर जात नाही ना. पीडॉप (उपग्रह आभाळात किती नीट पसरलेत याचा आकडा, लहान तितका चांगला) तीनच्या खाली आहे का. प्रत्येक कोपरा किमान अर्ध्या तासाने, यंत्र बंद-चालू करून, दुसऱ्यांदा घ्यायला सांगा. झाडाखाली खोटा फिक्सही येतो, आणि त्याचा पूर्णांक चुकलेला असतो. दुसऱ्या वेळी बिंदू एक-दोन हात सरकला की तो पकडला जातो. कडुलिंबाखालच्या कोपऱ्यावर काठी टेकवूच नये. धुऱ्याच्या ओळीत बाहेर दोन बिंदू उघड्यावर घ्यायचे आणि तिथून टेपने कोपरा ठरवायचा.

वेळ सकाळची ठेवा. आपला देश विषुववृत्ताजवळच्या आयनांबरी (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराच्या) पट्ट्याखाली येतो. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान त्या थराचा भार सर्वाधिक असतो, आणि मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत संकेत लुकलुकतात. फिक्स धरतो आणि सुटतो. संध्याकाळी सातला 'उरलेले दोन कोपरे उरकून टाकू' म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा.

---

पंचावन्न_एल

सात-आठ मीटर सरकण्याबद्दल. सरक किती मोठी आहे यावरूनच कारण बरंचसं ओळखता येतं.

पाच ते दहा मीटर असेल तर बहुतेक वेळा दोष चित्राचा किंवा मूळ नकाशाचा असतो. उपग्रहचित्र उंचसखलपणाची दुरुस्ती करून बसवलेलं असतं, त्यात काही मीटर इकडेतिकडे होतात. तेच ॲप मागच्या वर्षीचं चित्र दाखवतं तेव्हा रस्ता किंचित हललेला दिसतो, पाहा. आणि गावनकाशा हा कागदावरून उतरवलेला आहे. 1:10,000 प्रमाणावर अर्ध्या मिलीमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. त्यात कागद आकसतो, उभा-आडवा वेगळा आकसतो. अशा आकृतीची पश्चिम कड शेजाऱ्याच्या कपाशीत गेली म्हणून कपाशी तुमची होत नाही. पाहायचंच असेल तर फक्त तुमचा गट पाहू नका, आजूबाजूचे दहा-बारा गट पाहा. सगळे एकाच दिशेला सात-आठ मीटर सरकलेले असतील तर नकाशा बसवण्यातली चूक. तुमचा एकटाच सरकला असेल तर विचार करण्यासारखं काही आहे.

सरक शंभर-दीडशे मीटरची असती तर मी जुन्या पायाचा संशय घेतला असता. जुने टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचे नकाशे, तुमच्या भागात 55 एच आणि 55 एल) एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या मानलेल्या आकारावर काढलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या आताच्या लंबगोलावर चालतं. एव्हरेस्टचा लंबगोल भारतीय उपखंडाला नीट बसावा असा 1830 साली काढलेला. त्याची अर्धी रुंदी आताच्यापेक्षा साडेआठशे मीटरहून जास्त लहान आहे आणि मध्यही वेगळा. म्हणून टोपोशीटच्या कडेवर छापलेले अक्षांश-रेखांश तसेच फोनमध्ये घातले की विहीर दीडशे मीटरवर दिसते. 2005च्या नकाशा धोरणानंतर निघालेल्या खुल्या मालिकेतल्या शीटना हा त्रास नाही, त्या डब्ल्यूजीएस 84 वरच आहेत.

आणि सरक साधारण मीटरभराची, ईशान्येकडे असेल तर पंचांग बघा. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंमी ईशान्येला जातो. कॉर्सचे निर्देशांक एका ठरावीक जुन्या संदर्भवर्षाला बांधलेले असतात. आजच्या तारखेचे निर्देशांक देणाऱ्या जागतिक सेवेवर बेस सोडवला आणि दुसऱ्या दिवशी कॉर्सवर मोजलं, तर वीस वर्षांचा प्रवास एकदम दिसतो. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर असतात. अहवालावर संदर्भचौकट (निर्देशांक कोणत्या पायावर मोजले ते) आणि संदर्भवर्ष लिहून घ्या.

हद्दीचा निर्णय मात्र यातल्या कशावरही होत नाही. भूमी अभिलेखाची हद्द कायम मोजणी मागा, ई-मोजणीवर अर्ज होतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक मूळ टिपण (जुन्या मोजणीची नोंद) आणि शाबूत दगड यांवरून हद्द दाखवतो आणि क प्रत (मोजणीचा नकाशा) देतो. खासगी मोजणीचा उपयोग एवढाच की त्या दिवशी तुम्हाला काय विचारायचं ते कळतं.

---

धुऱ्यावरून

सगळ्यांचे आभार. मोजणी झाली. दोन फेऱ्या, दोन्ही वेळा फिक्स, कोपरे 2 सेंमीच्या आत जुळले. कडुलिंबाचा कोपरा बाहेरून टेपने काढला. फाईलमध्ये क्षेत्र 8214 चौ.मी. म्हणजे सातबाऱ्याहून 114 चौ.मी. जास्त. पण क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून यूटीएम 43 उत्तर निवडलं तर शेत थेट समुद्रात जातं, दमणच्या पश्चिमेला. पहिल्या कोपऱ्याचा पूर्व आकडा 1 लाख 84 हजार आणि काही, उत्तर 22 लाख 53 हजार. मोजणीच चुकली का?

---

पंचावन्न_एल

मोजणी ठीक आहे. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत; तिचा 43वा पट्टा 72 ते 78 रेखांश, 44वा 78 ते 84. ती 78ची रेघ दारव्हा आणि यवतमाळच्या मधून जाते, आणि तुमचं शेत तिच्या पश्चिमेला दोनेक किलोमीटरवर आहे. मोजणीवाल्याच्या यंत्रात 44 लावलेला होता, विदर्भाच्या पूर्व भागात काम करणाऱ्यांचा असतोच. 44मध्ये 78 रेखांशाचा पूर्व आकडा साधारण 1,86,800 येतो, 43मध्ये 8,13,200. तुमचा 1,84 हजार म्हणजे तो 44चा आहे. तुम्ही तो 43 म्हणून वाचलात म्हणून शेत सहा अंश पश्चिमेला गेलं. फाईल उघडताना 32644 (यूटीएम 44 उत्तरचा क्रमांक) निवडा आणि मग हवं तर 32643 (43 उत्तर) मध्ये रूपांतर करून जतन करा. नुसतं नाव बदलू नका, रूपांतर करा. दोन पट्ट्यांची उत्तर दिशाही सीमेवर दोन अंशांनी वेगळी असते.

क्षेत्राचंही बघा. यूटीएमच्या पट्ट्याच्या मध्यावर अंतर दहा हजारात चारने आखूड दाखवलं जातं आणि कडेला लांबवलं जातं. 78च्या आसपास, समुद्रसपाटीपासूनची उंची धरून, जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर सुमारे 1000.76 मीटर होतो. क्षेत्रात हे दुप्पट, हजारात दीड. म्हणजे 8214 मधले 12 चौ.मी. प्रक्षेपणाने फुगवलेले आहेत. जमिनीवरचं क्षेत्र 8202. क्यूजीआयएसमध्ये लंबगोलावरचं क्षेत्र काढलं तरी जवळपास हेच येईल, एखाद-दुसरा चौ.मी. इकडेतिकडे.

---

शंकूसाखळी

उरले 102 चौ.मी. परिमिती 360 मीटर. 102 भागिले 360 म्हणजे 28 सेंमी. मोजणीवाल्याने काठी धुऱ्याच्या मध्यावर ठेवली होती की बाहेरच्या कडेवर? तुमच्या भागातला धुरा दोन-अडीच फूट रुंद असतोच, त्याच्या मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत एक फूट सहज. चारही बाजूंनी बाहेरची कड धरली की एक आर वाढतो, आणि कोणी कोणाची जमीन घेतलेली नसते.

---

धुऱ्यावरून

बाहेरची कड. पांदणीकडच्या बाजूला तर धुऱ्याच्या पायथ्याशी काठी होती.

---

शंकूसाखळी

मग चारही कोपरे मध्यावर आणून क्षेत्र पुन्हा काढा, ते 8100च्या अगदी जवळ बसेल. कुंपणाचे खांब धुऱ्याच्या मध्यावर नको, आपल्या अंगाला दीड-दोन फूट आत घ्या. हद्द कायम होईपर्यंत खड्डे कच्चेच ठेवा, सिमेंट ओतू नका. पांदणीच्या बाजूला बैलगाडी वळायला जागा राहते का, तेही खांब रोवण्याआधी पाहून घ्या.